माही इहीन अन् दोन नंबरची गाडी

एकतीस वर्षं मी साकोली डेपोची एसटी चालवली. एवढ्या वर्षांत मले थांबवाची हिंमत केली ती फाटकवाल्यानं, नाहीतं आरटीओनं. रिटायर झाल्यावर मात्र एका बाईनं शिट्टी मारून मले जागच्या जागी उभं केलं. मी माह्याच मोटारसायकलवर, तलावाच्या पारावरून, म्हणजे बांधावरून, चाललो होतो. "इवाईजी, गाडी खाली लावा. पारावर माणसं चालतात," म्हणे. ती बाई माही इहीन, धुरपताबाई वलथरे, माह्या सुनेची सख्खी माय. लग्नाले पंधरा दिवस झाले नव्हते अन् मी वराचा बाप. वराच्या बापाले कोणी असं चारचौघांत बोलते का? मी गाडी खाली लावली, पण तिचा चहा घेतला नाही.

तिच्याबद्दल सांगतो, पण पहिलेच सांगून ठेवतो, मी तिची तारीफ करणारा माणूस नाही. इवाई-इहीनीच्या नात्यात आमच्याकडं तारीफ करत नाहीत, टर उडवतात. मी तिले तलावाची कलेक्टर म्हणतो, ती मले बिनब्रेकची गाडी म्हणते. माहा राग साऱ्या साकोलीले माहीत आहे, त्याच्यामुळं मी त्याच्यावर काही बोलत नाही.

आमचा उमरबांध तलाव साकोलीहून गाडीनं अर्ध्या तासावर आहे. मालगुजारीच्या काळातला जुना तलाव. एका अंगाले पार, तीन अंगाले जंगल. मच्छीचा हक्क आमच्या ढिवर लोकांच्या सोसायटीकडं. माणसं जाळं टाकतात, बाया शिंगाडे काढतात. तीन वर्षांआधी तिथं पर्यटन आलं. नागपूरच्या एका ठेकेदारानं दोन वॉटर स्कूटर आणल्या, म्हणजे पाण्यावरच्या मोटारसायकलीच समजा. रविवारी नागपूर-भंडाऱ्याची माणसं येतात, पैसे देतात, तलावावर घुर्रकन फिरतात अन् पारावर उभं राहून फोटो काढतात. सोसायटीनं होकार दिला तो एका अटीवर. पाण्यावरचे नियम कोण पाळते अन् कोण नाही, हे पाहणारं माणूस सोसायटीचं राहील, अन् त्याचा शब्द ठेकेदारालेही मोडता येणार नाही. ग्रामपंचायतीचा तसा ठरावच आहे.

आता ते काम कोणं कराचं? माणसं म्हणाली, दिवसभर उन्हात उभं राहून मोठ्या लोकांशी भांडण कोण विकत घेईल. धुरपताबाई मागच्या रांगेत बसली होती. तिथूनच म्हणाली, "मी पाहीन." झालं, काम तिचं.

तुम्ही तिले पाहाले पाहिजे. बुटकीशी बाई, पन्नाशीची. काष्ट्याचं लुगडं, त्याच्यावर नारिंगी जाकीट, गळ्यात लाल दोऱ्याची शिट्टी, एका हातात लाल झेंडा, दुसऱ्या हातात हिरवा. ठेकेदारानं तिले टोपी दिली होती, ती तिनं घरच्या बकरीच्या पिल्लाले घातली. डोक्यावर पदर असतो, तो पुरे म्हणते.

वरून नियमांचा एक छापील कागद आला होता. जाकीट घाला. दारू पिऊन बसू नका. लहान पोरांच्या हाती गाडी देऊ नका. गाडी बंद कराची दोरी मनगटाले बांधा, म्हणजे माणूस पडला की इंजिन आपोआप बंद होते. सगळ्या गाड्या एकाच बाजूनं फिरवा. दिवस मावळाच्या आत काठाले या. तिनं तो कागद दोनदा वाचला. सातवी पास आहे ती, वाचाले कच्ची नाही. वाचून झाल्यावर म्हणाली, "हे तं कोण्याही तलावाचे नियम आहेत. उमरबांधचे कुठं आहेत?"

मंग उमरबांधचे नियम तिनं स्वतः केले. तिचा नवरा परसराम, माहा इवाई, महिन्यातून चार शब्द बोलणारा माणूस. त्याले डोंगी वल्हवाले बसवलं अन् चार दिवस तलाव पालथा घातला. पाण्याखाली जुन्या झाडांचे खुंट कुठं आहेत, जाळी कुठं पसरतात, थंडीत परदेशी बदकं कुठं उतरतात, सारं पाहिलं. दगड बांधून लाल कॅन पाण्यात सोडले अन् त्यांची एक रेषा आखली. रेषेच्या अलीकडं गाड्या, पलीकडं तलाव आपला.

एक गोष्ट मले तेव्हा वेडेपणाची वाटली होती. ती म्हणाली, "मले त्या गाडीवर बसून पाहाचं आहे." शिकवाले आलेला पोट्टा हसला. ही लुगड्याचा काष्टा आवळून बसली, पहिले मागं, मंग पुढं. तलावाच्या मधात गेल्यावर हिनं मुद्दाम रेस सोडली अन् हँडल वळवलं. गाडी वळलीच नाही, नाकासमोर सरकत राहिली. तीनदा करून पाहिलं. काठाले आल्यावर म्हणाली, "घाबरलेल्या माणसाच्या कामाची ही गाडी नाही. माणूस घाबरला की पहिले रेस सोडते. अन् रेस सोडली की ही वळत नाही."

मी ड्रायव्हर माणूस. रोडवर रेस सोडली तरी स्टेअरिंग वळते, त्याच्यामुळं मले हे खरंच वाटलं नाही. मी माहितगार माणसाले विचारलं. तो म्हणाला, बाई बरोबर बोलून राहिली, पाण्याच्या धारेच्या जोरावर ती गाडी वळते, धार बंद तं वळणं बंद. मले थोडी शरम वाटली, पण हे तिले मी सांगितलं नाही.

त्याच्यानंतर तिनं पूर्ण रेषा उचलून अलीकडं घेतली. शिंगाड्याच्या वेलापासून साठ हात. ठेकेदाराचा मॅनेजर ओरडला, एवढं रिकामं पाणी फुकट जाते म्हणे. ही म्हणाली, "रिकामं नाही ते. घाबरलेल्या माणसासाठी ठेवलं आहे." अन् फळ्यावर नियम लिहिला, ज्या ड्रायव्हरची गाडी रेषा ओलांडेल, तो तीन महिने गाडीवर बसणार नाही.

एकदा एक साहेब आला. पोट एवढं की जाकिटाचा पट्टा लागेना. तो म्हणे, मले पोहता येते, जाकीट राहू द्या. धुरपताबाईनं त्याले बाज दाखवली. "बसा साहेब. चहा घ्या. तलाव काठावरूनही दिसते." साहेबानं कोणाकोणाले फोन लावले. ही झेंडे मांडीवर ठेवून शेंगदाणे खात बसली. शेवटी साहेबानं चहाच घेतला.

आता असल्या बाईच्या पोरीसाठी मी माहा पोरगा का दिला, असं कोणी विचारलं तं उत्तर सोपं आहे. मी दिला नाही, त्यानं पसंत केली. माहा अतुल त्या दोन गाड्यांपैकी दोन नंबरच्या गाडीचा ड्रायव्हर. हर्षा मायचा डबा घेऊन तलावावर येत होती, तिथंच जमलं. मागच्या मे महिन्यात लग्न केलं, चांगलं वाजतगाजत.

मंग आली अतुलची जवाई म्हणून पहिली दिवाळी. आमच्या भागात जवायाचा मान म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाले सांगून समजत नाही. सासरा जवायाचे पाय धुते. सासू त्याच्यापुढं मोठ्यानं बोलत नाही. जवाई रागावून उठला तं पूर्ण खानदान त्याच्या मागं हात जोडून धावते. पाडव्याच्या दिवशी दुपारी आम्हा सगळ्याईले जेवाचं बोलावणं होतं. सुट्ट्यांची गर्दी होती म्हणून अतुल सकाळी ड्युटीवर गेला. मी नवीन पँट घालून लवकरच तलावावर येऊन बसलो, चहाच्या टपरीवर.

अन् तिथून मी सगळं डोळ्यानं पाहिलं.

ठेकेदाराच्या ओळखीचा एक माणूस अतुलच्या गाडीवर होता. हँडल त्याच्या हाती, अतुल मागं. तो म्हणाला असेल, ते हिरवं जवळून दाखव. अतुल नाही म्हणाला नाही. मालकाचा पाहुणा, कोण नाही म्हणते. गाडी जोरात रेषेकडं गेली. तिकडं वेलाच्या मधात सहा बाया छातीभर पाण्यात उभ्या राहून शिंगाडे काढत होत्या. हिरव्या पानांत नुसती डोकी. त्या माणसाले ती डोकी दिसली अन् तो घाबरला. रेस सोडली, हँडल वळवलं. गाडी वळली नाही. लाल कॅन ओलांडून सरळ गेली. अतुलनं मागून दोरी ओढली, इंजिन बंद झालं, तरी गाडी सरकत सरकत साठ हात पाणी खाऊन वेलाच्या कडेले जाऊन थांबली. लाट मात्र थांबली नाही. पहिल्या डोक्यावरून गेली. ते डोकं खाली गेलं अन् दोन श्वासांनी वर आलं.

तीन शिट्ट्या वाजल्या. लाल झेंडा वर गेला. दोन्ही गाड्या काठाले आल्या. धुरपताबाईनं पहिले डोंगी पाठवून बाया मोजल्या. सहा भरल्या. मंग ती अतुलपुढं आली अन् हात पसरला. "चाबी."

पाहुणा म्हणाला, कुछ हुआ तो नहीं ना. तिनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. अतुलनं चाबी दिली. दोन-अडीचशे माणसांपुढं तिनं फळ्यावर लिहिलं, दोन नंबर, अतुल भैय्यालाल दिघोरे, तीन महिने.

भैय्यालाल म्हणजे मी. माहं नाव पण त्या फळ्यावर. माहं डोकं सटकलं. मी टपरीवरून उठलो अन् सगळ्याईच्या देखत म्हणलो, "इहीनबाई, पाडव्याच्या दिवशी जवायाचं नाव फळ्यावर टांगता? काही रीतभात आहे का नाही तुमच्या घराण्यात?"

तिनं खडू खाली ठेवला. आवाज अजिबात वाढवला नाही. "घरी ते माहे जवाई, इवाईजी. पाण्यावर ते दोन नंबरची गाडी. दुपारी जेवाले या, वेळ चुकवू नका."

मी असा पेटलो की काय सांगू. तेवढ्यात मॅनेजर मले बाजूले घेऊन गेला. गोड बोलणारा माणूस. म्हणाला, "काका, पोरानं एक कागद लिहून दिला तं सगळं मिटते. वाऱ्यानं कॅन सरकले होते, रेषा जागेवर नव्हती, एवढंच. उद्या सकाळी बैठक बोलावतो. ही बाई जाते, तुमचा पोरगा गाडीवर राहते." मले समजत होतं की हे खोटं आहे. ती बाई रोज सकाळी डोंगीतून जाऊन एक एक कॅन हातानं ओढून पाहते, हे मी स्वतः पाहिलं होतं. तरी मी टपरीवर बसलो अन् कागद लिहिला. एकतीस वर्षं रिपोर्ट लिहिले, भाषा माह्या हातात बसली आहे. "सोसाट्याच्या वाऱ्यामुळे सदर कॅन मूळ जागेवरून हलल्याचे आढळून आले." अतुलले म्हणलो, "याच्यावर सही कर." त्यानं कागदाची घडी करून खिशात ठेवली.

जेवाले मी जाणारच नव्हतो. माही बायको म्हणाली, तुम्ही नाही आले तं पोरीचा सण खराब होईल. हर्षासाठी गेलो. दारात रांगोळी, पाट मांडलेला. परसरामनं अतुलचे पाय धुतले, टॉवेलनं पुसले. धुरपताबाईनं औक्षण केलं, शर्ट-पँटीचं कापड दिलं, अन् त्याच्या पायाले हात लावला. सकाळी ज्या हातानं चाबी घेतली, त्याच हातानं. मानात एक तीळ कमी नाही. सकाळच्या गोष्टीचा एक शब्द नाही. मी रुसून बसलो होतो, अन् रुसाले कुठं जागाच सापडेना.

वड्या-पुऱ्या, मरळीचा रस्सा, भात. वाढाले धुरपताबाईची जाऊ रत्नाबाई होती. अतुलच्या ताटात भात वाढताना तिच्या हाताचा पदर सरकला. मनगटापासून कोपरापर्यंत वेलाच्या काट्यांचे लालभडक ओरखडे. अतुलचा घास हातातच राहिला.

"काकी, हे काय झालं?"

"काही नाही, जवाईबापू. सकाळी लाट आली तं वेलात फसली होती मी."

"ते... तुमी होत्या?"

रत्नाबाई हसली. चेष्टेनंच बोलली, जवायाशी बोलतात तशी. "मीच होती. अजून दहा हात पुढं आले असते तं आज भात कोणं वाढला असता?" अन् त्याच्या भातावर वरून रस्सा घातला.

 धुरपताबाई चुलीकडं तोंड करून पुऱ्या तळत होती. तिची पाठ मले दिसत होती, अन् ती पाठ थरथरत होती. तेव्हा मले पहिल्यांदा समजलं. सकाळी तिनं बाया मोजल्या त्यात तिची जाऊ होती. गाडीवर तिच्या पोरीचा कुंकवाचा धनी होता. अन् तरी तिचा आवाज वाढला नव्हता. मी घाटात बस एकदा वाचवली होती, चाळीस सीटा. त्याच्यानंतर अर्धा तास मले स्टेअरिंग धरता आलं नव्हतं. ही बाई खडू धरून लिहीत होती, स्वच्छ अक्षरात.

अतुल पूर्ण जेवला. ताटात एक शीत ठेवलं नाही. 

दुसऱ्या दिवशी सकाळी तलावाच्या शेडमध्ये बैठक बसली. सरपंच चंद्रकांताबाई मधात, एका अंगाले सोसायटीचे लोक, दुसऱ्या अंगाले मॅनेजर. धुरपताबाई जाकीट घालूनच उभी. मॅनेजर चांगला तयारी करून आला होता. बाई जास्तीची कडक आहे, पर्यटक कमी होऊन राहिले, अन् कालची चूक तिचीच, कॅन सरकले होते, ड्रायव्हरचं लेखी आहे म्हणाला. सरपंचबाईनं अतुलकडं पाहिलं. "दे बाबा कागद."

अतुल उठला. खिशातून कागद काढला. त्याच्यावर सही नव्हती.

"कॅन जागेवरच होते," तो म्हणाला. "सकाळी सासूबाईनं तपासले तेव्हा मी काठावरच होतो. पाहुण्यानं म्हटलं अन् मी त्याले थांबवलं नाही. रेषा माह्या गाडीनं ओलांडली. ती रेषा साठ हात अलीकडं नसती तं काकी आज नसती." त्याचा आवाज फाटला, पण तो बसला नाही. "ती रेषा आहे तिथंच राहू द्या. अन् तिच्यावर नजर ठेवणारं माणूस पण."

 मॅनेजर म्हणाला, मंग हा कागद कोणं लिहिला? अतुलनं कागद परत खिशात घातला. बापाचं नाव घेणार नव्हता तो. मले वाटलं जमीन फाटावी. पण पोरगा उभा असताना बापानं बसून राहावं, एवढा मी गेलेला नाही. मी उठलो.

"मी लिहिला. खोटा आहे."

धुरपताबाईनं माह्याकडं पाहिलं. मले वाटलं आता बोलेल, चांगली संधी होती तिले, जन्मभराची. तिनं काखेतलं रजिस्टर काढून सरपंचबाईपुढं ठेवलं.

सरपंचबाईनं थोडा विचार केला. "धुरपताबाई कामावर राहील, त्याच्यात काही बोलाचं नाही," ती म्हणाली. "पण पोरानं खरं सांगितलं. पहिलीच चूक. सण आहे, नवीन संसार आहे. तीन महिन्यांचा एक महिना करू का, धुरपताबाई? तुमचाच जवाई आहे."

सगळ्याईचे डोळे तिच्याकडं. तिनं पदर सारखा केला. माह्या डोळ्यापुढं ते दोन श्वास खाली गेलेलं डोकं आलं. तिले उत्तर द्यावं लागू नये, एवढंच मले वाटलं. पोरीची माय होऊन हे बोलणं तिच्या वाट्याले काल एकदा आलंच होतं.

"तीन महिने," मी म्हणलो. "मी त्याचा बाप आहे. तीनच."

अतुलनं मान डोलावली. धुरपताबाईनं रजिस्टर उघडलं, पेन सरपंचबाईच्या हाती दिला अन् म्हणाली, "लिहा जी. इवाई बरोबर बोलून राहिले."